आधी रात्रीचा सीटी, मग एआय

मेंदूच्या आजारांसाठी पालघर जिल्ह्याला काय हवं, हा विषय निघाला की हल्ली एक तयार उत्तर समोर येतं. जिल्ह्याला एमआरआय द्या आणि त्याला एआय जोडा. मेंदूच्या चित्रणाचं संशोधन आता इतकं पुढे गेलं आहे की स्कॅन संगणकच वाचेल, निदान मोबाइलवर येईल, मग तज्ज्ञ डॉक्टर पालघरात नसला तरी काही अडणार नाही. सभेत असं बोललं की टाळ्या पडतात, दुसऱ्या दिवशी बातमी येते, आणि मागणी मान्य झाली तर फीत कापायला एक यंत्रही मिळतं.

हे उत्तर चुकीचं आहे. ज्या संशोधनाच्या जोरावर ते दिलं जातं, त्या संशोधनात नेमकं काय सापडलं हे न पाहताच ते दिलं जातं. गेल्या तीस वर्षांतल्या चाचण्या ओळीने वाचल्या तर त्यांचा रोख एकाच बाजूला आहे: मेंदूचं चित्र लवकर निघालं आणि जिथे ते निघालं तिथेच पहिला उपचार सुरू झाला, तरच रुग्णाला त्याचा उपयोग होतो. जिल्ह्यातल्या माकुणसार गावच्या माणसासाठी याचा अर्थ अगदी ठोस आहे. पालघर-बोईसर पट्ट्यात रात्री दोन वाजता चालू असलेलं साधं सीटी यंत्र, शेजारच्या कपाटात गुठळी विरघळवणारं औषध, आणि ते टोचण्याची मुभा व तयारी असलेला डॉक्टर. एमआरआय आणि एआय यांची पाळी त्यानंतरची.

समोरच्या बाजूचं म्हणणं आधी नीट मांडायला हवं, कारण त्यात तथ्य आहे. रेडिओलॉजिस्ट थोडे आहेत आणि ते शहरांत आहेत. संगणकाला चित्रं वाचता येतात, हेही खरं. 2016 मध्ये टोरांटोच्या एका परिषदेत जेफ्री हिंटन यांनी, रेडिओलॉजिस्ट घडवणं आता बंदच करा, पाच वर्षांत यंत्र त्यांना मागे टाकेल, अशा अर्थाचं विधान केलं. त्याच वर्षी मुंबईत क्युअर.एआय ही कंपनी सुरू झाली. या कंपनीच्या चमूने 2018 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निबंध प्रसिद्ध केला. भारतातल्या सुमारे वीस केंद्रांमधले डोक्याचे 3,13,318 सीटी स्कॅन त्यांनी वापरले होते, आणि सहलेखकांत नागपूरचे एक रेडिओलॉजिस्टही होते. मेंदूतला रक्तस्राव, कवटीचं फ्रॅक्चर, मेंदूची मधली रेषा सरकणं आणि आतला दाब वाढवणारा गोळा या गोष्टी त्यांची प्रणाली चांगल्या अचूकतेने ओळखत होती. आपल्याच स्कॅनवर, आपल्याच शहरात झालेलं हे काम अभिमानाचं आहे. त्याला कमी लेखायचं मला कारण नाही.

पण त्या यादीवर पुन्हा नजर टाका. त्यात रक्तपुरवठा तुटून झालेला झटका नव्हता. आपल्याकडे 'अंगावरून वारं गेलं', 'लकवा मारला' असं ज्याला म्हणतात, त्यात बहुतेक वेळा मेंदूची नस फुटलेली नसते, ती गुठळीने तुंबलेली असते. डॉ. प्रफुल्ल दलाल आणि सहकाऱ्यांनी 2005-06 मध्ये मुंबईच्या एका वॉर्डात लोकसंख्येवर आधारित नोंदवही ठेवली. त्यात 456 रुग्ण सापडले आणि दर दहातले सुमारे आठ गुठळीचे निघाले. पुढच्या आवृत्त्यांमध्ये या सॉफ्टवेअरला तीही जोड मिळाली, हे मान्य. तरी मूळ अडचण सॉफ्टवेअरच्या आवृत्तीने सुटत नाही, कारण ती चित्रातच आहे. गुठळी अडकल्यानंतरच्या पहिल्या तास-दोन तासांत साधा सीटी अनेकदा अगदी स्वच्छ दिसतो. मेंदूचा भाग मरायला लागलेला असतो, पण चित्रात अजून उमटलेला नसतो.

इथे 'रिपोर्ट नॉर्मल' हे दोन शब्द घातक ठरतात. तोंड वाकडं झालं आहे, उजवा हात उचलत नाही, शब्द फुटत नाही, आणि सीटीत काही नाही, तर घरचे सुटकेचा श्वास टाकतात. खरं तर त्या क्षणी 'नॉर्मल'चा अर्थ असा असतो: रक्तस्राव नाही, मेंदू अजून फारसा मेलेला नाही, म्हणजे औषध द्यायची हीच वेळ आहे, घाई करा. हा अर्थ स्कॅनमधून एकट्याने निघत नाही. रुग्णाचा हात उचलून पाहणारा, तो शेवटचा धड कधी दिसला होता हे विचारणारा माणूस आणि स्कॅन, दोन्ही एका जागी असले तरच तो निघतो. एआयने कितीही झटपट 'रक्तस्राव नाही' असं कळवलं, तरी पुढचं वाक्य बोलणारा तिथे कुणी नसेल तर ते कळवणं कुणाच्याच कामी येत नाही. हिंटन यांनीही पुढे मान्य केलं की आपण फार सरसकट बोललो, आपला रोख फक्त चित्र वाचण्यावर होता. आमच्या सभांमध्ये मात्र त्यांचं 2016चं विधानच अजून फिरतं आहे.

आता वेळेचा हिशेब करू. गुठळी विरघळवणारं औषध झटका आल्यापासून तीन तासांत दिलं तर फायदा होतो, हे 1995च्या अमेरिकन चाचणीने दाखवलं. 2008 मध्ये युरोपातल्या चाचणीने ही मर्यादा साडेचार तासांवर नेली. 2014 मध्ये सगळ्या मोठ्या चाचण्या एकत्र करून मांडलेले आकडे बोलके आहेत. तीन तासांच्या आत औषध मिळालेल्या शंभर रुग्णांत सुमारे 33 जण जवळजवळ पूर्ण बरे झाले, औषध न मिळालेल्यांत 23. तीन ते साडेचार तासांत औषध मिळालेल्यांत 35, न मिळालेल्यांत 30. म्हणजे शंभरामागे दहा माणसांचा फायदा दीड तासाच्या उशिराने पाचावर येतो. त्यानंतर तो जवळपास संपतो.

हा दीड तास आमच्याकडे कुठे जातो, हे इथल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. माकुणसारहून केळवे-माहीमच्या बाजूने पालघर गाठता येतं. मुंबईला जायचं तर सफाळ्याहून तांदुळवाडीचा घाट ओलांडून वरईला महामार्गावर यायचं आणि पुढे वर्सोवा पुलापर्यंत कोंडीच्या दयेवर राहायचं. किनाऱ्याने थेट विरारला उतरवणारा रस्त्याचा पूल वैतरणेच्या खाडीवर नाही. 2025 पासून जलसारच्या खारवाडेश्रीहून मारंबळपाड्याला रो-रो सुटते, पण ती वेळापत्रकाने. 2013 पासून लोकल डहाणूपर्यंत धावते, म्हणून रुग्णाला सफाळ्याच्या फलाटावरून डब्यात चढवणारेही आहेत. 2025च्या जुलैअखेर झाड अंगावर पडून जखमी झालेल्या एका महिलेला पालघरकडून मुंबईला नेताना रुग्णवाहिका महामार्गाच्या कोंडीत अडकली आणि तिचा जीव गेला. वर्तमानपत्रांत तेव्हा रस्त्यावर खूप लिहून आलं. जिल्ह्यात पहिला उपचार का मिळत नाही, या प्रश्नावर त्या मानाने कमी.

समोरून लगेच येईल, की म्हणूनच तर जिल्ह्यात अत्याधुनिक चित्रण हवं. इथे संशोधनाचा इतिहास उपयोगी पडतो. जांघेतून बारीक नळी मेंदूच्या नसेपर्यंत नेऊन गुठळी बाहेर ओढण्याचा उपचार आज जगभर मान्य आहे. पण 2013 मध्ये या पद्धतीच्या तीन चाचण्या एकापाठोपाठ अपयशी ठरल्या होत्या. त्यातल्या एकीत तर एमआरआय आणि सीटीवरच्या गुंतागुंतीच्या मोजमापाने रुग्ण वेगळे करून पाहिले होते, तरी फरक पडला नाही. दुसरीत अनेक रुग्णांच्या मोठ्या नसेत गुठळी आहे की नाही हे आधी पाहिलंच नव्हतं. उपकरणं जुनी होती आणि वेळ हातातून निसटत होता. दोनच वर्षांनी, 2015 मध्ये, नेदरलँड्सच्या चाचणीपासून सुरुवात होऊन पाच चाचण्या ओळीने यशस्वी झाल्या. बदललं काय? नस खरोखर तुंबली आहे याची सीटी अँजिओग्राफीने खात्री केली गेली, जाळीचं नवं उपकरण आलं आणि तास वाचवले गेले. त्या पाच चाचण्या एकत्र केल्यावर तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे रुग्ण नुसत्या औषधाने 26 टक्के होते, गुठळी काढल्यावर 46 टक्के. विजय मिळाला तो योग्य प्रश्न विचारणाऱ्या साध्या चित्राला आणि वेगाला.

त्यानंतरची वाटचाल तर एमआरआयच्या आग्रहाच्या उलटच आहे. 2018च्या सुमारास दोन चाचण्यांनी दाखवलं की सहा तास उलटून गेलेल्यांतही, एकीत तर चोवीस तासांपर्यंत, मेंदूचा वाचवता येणारा भाग शिल्लक असेल तर गुठळी काढण्याचा मोठा फायदा होतो. एका चाचणीत स्वावलंबी राहणाऱ्यांचं प्रमाण 13 टक्क्यांवरून 49 टक्क्यांवर गेलं. या चाचण्यांत रुग्ण निवडायला संगणकाचं मोजमाप वापरलं होतं, हे श्रेय संगणकाला द्यायलाच हवं. पण 2023 पर्यंत चित्र आणखी सोपं झालं. नेदरलँड्समध्येच उशिरा आलेले रुग्ण केवळ सीटी अँजिओग्राफीत पर्यायी नसा दिसतात का, एवढं पाहून निवडले गेले. युरोप आणि कॅनडातल्या दुसऱ्या एका चाचणीत मेंदूचा मोठा भाग निकामी झालेले रुग्ण प्रामुख्याने साध्या सीटीवर निवडले गेले आणि तरीही फायदा दिसला. तिथे वापरलेली मोजपट्टी कॅनडातल्या कॅलगरीच्या डॉक्टरांनी 2000 मध्ये मांडलेली आहे. साध्या सीटीतल्या मेंदूचे दहा भाग पाडायचे आणि बिघडलेल्या प्रत्येक भागामागे एक गुण वजा करायचा. शिकवलं तर ग्रामीण रुग्णालयातल्या एमडी मेडिसीन डॉक्टरलाही हे जमतं.

उशिराने आलेल्यांचं हे संशोधन आमच्यासाठी फार मोलाचं आहे. बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीत रात्रपाळी करणारा परप्रांतीय कामगार खोलीवर झोपतो आणि सकाळी उठतो तेव्हा हात हलत नसतो. दातिवरे किंवा सातपाटीच्या बोटीवरचा खलाशी खोल समुद्रात असतो. झटका कधी आला हे कुणी पाहिलेलंच नसतं. अशा माणसाला 'उशीर झाला, आता काय करणार' म्हणून परत पाठवण्याला 2018 नंतर शास्त्राचा आधार उरलेला नाही. पण त्याला वाचवणारी पहिली पायरी पालघरमधला एमआरआय नाही. पालघर किंवा बोईसरला लगेच झालेला सीटी, शक्य असेल तर त्यासोबत अँजिओग्राफी, आणि ते चित्र ताबडतोब मुंबईच्या मोठ्या केंद्राकडे पोचणं, ही ती पायरी.

मग दुसरा युक्तिवाद येतो. इथे थांबताच कशाला, थेट मुंबईला न्या. घराघरात हाच सल्ला मिळतो, आणि तो देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. हा प्रश्न स्पेनमधल्या कॅटलोनियाच्या निमशहरी-ग्रामीण भागात प्रत्यक्ष तपासून झाला आहे. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 1401 रुग्णांपैकी काहींना आधी जवळच्या रुग्णालयात आणि काहींना थेट मोठ्या केंद्रात नेलं. गुठळीच्या रुग्णांच्या नव्वद दिवसांनंतरच्या स्थितीत फरक आढळला नाही. ज्यांच्या मेंदूत रक्तस्राव होता, त्यांची स्थिती मात्र लांबच्या थेट प्रवासाने बिघडली. म्हणजे जवळच्या सीटीला वगळून महामार्ग पकडणं हे शहाणपण नाही, काही रुग्णांसाठी ते अपायकारक आहे.

या चाचणीत एक अट दडलेली आहे आणि आमच्या वादाचा गाभा तीच आहे. कॅटलोनियातलं जवळचं रुग्णालय सीटी काढून गुठळीचं औषधही देत होतं. आमच्याकडे जवळचं रुग्णालय स्कॅन काढायला सांगून चिठ्ठीवर 'रेफर टू हायर सेंटर' लिहिणार असेल, तर रुग्णाचा तास-दीड तास जातो आणि हाती फिल्मचं पाकीट येतं. चित्र काढणारी जागा आणि उपचार करणारी जागा शंभर किलोमीटर लांब ठेवली की चित्राचा दर्जा कितीही वाढवा, मेंदूच्या वाट्याला काही येत नाही. एमआरआय-एआयचं आश्वासन नेमकं इथे फसतं. ते चित्र सुधारतं आणि मधलं अंतर तसंच ठेवतं.

सीटीच्या आधी सरसकट रक्तदाब उतरवण्यात अर्थ नाही, हेही आता चाचणीत दिसलेलं आहे. गावात कुणाला वारं गेलं की कुणी तेल चोळतं, कुणी कबुतराचं रक्त लावायला सांगतं, आणि जरा शिकलेला माणूस बीपीची गोळी फोडून जिभेखाली टाकतो. 2024 मध्ये चीनमधल्या चाचणीत रुग्णवाहिकेतच रक्तदाब झपाट्याने कमी करून पाहिला. ज्यांची नस फुटली होती त्यांना फायदा झाला, ज्यांची तुंबली होती त्यांना तोटा. बाहेरून दोघेही सारखेच दिसतात. 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्रातून पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी निघाला. त्याआधी जिवंत कवटीतला हा फरक सरळ पाहायची सोय जगात कुठेच नव्हती. आज पन्नास वर्षं उलटल्यावर ती सोय चोवीस तास चालू ठेवणं ही आपल्यासाठी महत्त्वाकांक्षी मागणी ठरावी, याचं आश्चर्य वाटायला हवं. आणि नस फुटलेलीच निघाली तरी हात टेकायचे कारण नाही. रक्तदाब, साखर, ताप आणि रक्त पातळ करणाऱ्या औषधांचा परिणाम या चार गोष्टी पहिल्या तासांत एकत्र सांभाळल्या तर रुग्णांची स्थिती सुधारते, असं 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं. ती चाचणी झालेल्या दहा देशांत भारतही होता. या चार गोष्टींना न्यूरोसर्जन लागत नाही.

काही जण म्हणतील, हे सगळं परदेशी आहे, आमच्या मातीत चालणार नाही. त्यांना तीन उदाहरणं. पहिलं वेल्लोरचं. फिट आलेल्या रुग्णाच्या सीटीत छोटा गोल ठिपका दिसला की पूर्वी आपल्याकडे तो क्षयाचा धरून महिनोन् महिने क्षयाची औषधं दिली जात. ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधले मॅथ्यू चांडी आणि वेदांतम राजशेखर यांनी 1989 पासूनच्या निबंधांतून दाखवलं की असे बरेच ठिपके पट्टकृमीच्या अंड्यातून वाढलेल्या अळीचे असतात आणि पुष्कळदा आपोआप विरतात. त्यांनी घालून दिलेले निकष सीटीवरचे होते: ठिपका वीस मिलिमीटरहून लहान, मधली रेषा सरकलेली नाही. जोडीला रुग्णाच्या तपासणीचे निकष: मेंदूतला दाब वाढल्याची खूण नाही, अंगात इतरत्र रोग नाही. हजारो भारतीय रुग्णांची अनावश्यक औषधं याने टळली. मेंदूच्या चित्रणातलं जगभर मानलं गेलेलं हे भारतीय संशोधन साध्या यंत्रावर आणि रुग्णाजवळ बसून झालं.

दुसरं गडचिरोलीचं. 'सर्च' संस्थेच्या योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी 86 गावांतल्या 2011 ते 2013 या काळातल्या मृत्यूंचा मागोवा घेतला. सर्वांत जास्त, 14.3 टक्के मृत्यू मेंदूच्या झटक्याने झालेले होते, आणि झटक्याने गेलेल्यांपैकी 87 टक्के माणसं घरीच गेली. 'हा शहरी, श्रीमंतांचा आजार' या समजुतीला आता महाराष्ट्रातूनच उत्तर मिळालेलं आहे. मुंबईच्या नोंदवहीतला दर, लाखामागे वर्षाला 145, पालघर जिल्ह्याच्या 2011च्या जनगणनेतल्या सुमारे तीस लाखांना लावला तर वर्षाला चार हजारांहून जास्त झटके होतात, रोजचे बारा. हिशेब ढोबळ आहे, गावोगावचं वयोमान वेगळं आहे. पण आकडा याच्या निम्मा धरला तरी रोज सहा घरं उरतात.

तिसरं हिमाचल प्रदेशचं, आणि माझ्या मते पालघरने उचलावं असं. तिथे घाट आमच्या तांदुळवाडीहून कितीतरी अवघड आहेत. 2014च्या सुमारास तिथल्या सरकारने सीटी असलेल्या रुग्णालयांतल्या मेडिसीनच्या डॉक्टरांना प्रशिक्षण दिलं, गुठळीचं औषध मोफत ठेवलं आणि स्मार्टफोनवरून त्यांना न्यूरोलॉजिस्टशी जोडलं. स्कॅनची चित्रं फोनवर जात, बोलणं होई, औषध तिथेच टोचलं जाई. पहिल्या अहवालात असे 26 रुग्ण होते. आकडा लहान वाटेल, पण आधी त्या जागी शून्य होतं. आसामात तर आयसीएमआरने सीटी बसवलेली गाडीच रुग्णापर्यंत नेऊन पाहिली. या प्रयोगांत नवलाचं यंत्र शोधावं लागत नाही. नवल आहे ते हे की निर्णय घेण्याचा अधिकार खालच्या रुग्णालयाकडे सोपवला गेला.

डॉक्टर घाबरतात, हा आक्षेप खरा आहे. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाने काही रुग्णांच्या मेंदूत रक्तस्राव होतो. मूळच्या 1995च्या चाचणीत तो शंभरात सहांना झाला होता. छोट्या गावात असा एक रुग्ण दगावला तर डॉक्टरच्या दारात जमाव येतो. म्हणून त्याला एकटं सोडायचं नसतं. लेखी नियमावली हवी, फोनच्या पलीकडे नाव आणि जबाबदारी असलेला न्यूरोलॉजिस्ट हवा, आणि नियमाने दिलेल्या औषधासाठी शासनाचं संरक्षण हवं. औषध मिळणार नाही, हे कारण तर चालण्यासारखं नाही. पुण्याची जेनोव्हा कंपनी टेनेक्टेप्लेज बनवते आणि मेंदूच्या झटक्यासाठी त्याला भारतात मंजुरी आहे. जुनं औषध तासभर थेंबथेंब चढवावं लागतं, हे एका इंजेक्शनात देता येतं. पालघरहून मुंबईला निघणाऱ्या रुग्णासाठी यापेक्षा सोयीचं काय असेल?

'त्यापेक्षा प्रतिबंध करा, मीठ कमी करा, मिश्री सोडा, बीपी तपासा' असं सांगणाऱ्यांशी माझं भांडण नाही. उद्या येणारे झटके त्याने कमी होतील, आणि आशाताईच्या हाती बीपीचं यंत्र देण्यासारखी दुसरी स्वस्त गुंतवणूक नाही. पण प्रतिबंधाचं नाव पुढे करून आज झटका आलेल्याला उपचार नाकारणं बरोबर नाही. उलट हीच आशाताई तोंड वाकडं, हात लुळा, बोबडी वळलेली, या तीन खुणा ओळखून 108ला फोन करायला शिकली तर दोन्ही कामं एकाच फेरीत होतात.

मग एआयचं काय करायचं? त्याला योग्य जागी बसवायचं. रात्री स्कॅन निघताच रक्तस्राव दिसला तर फोन वाजवणं, रांगेतला धोक्याचा स्कॅन वर आणणं, पुण्या-मुंबईत बसून दूरच्या जिल्ह्यांचे स्कॅन वाचणाऱ्या रेडिओलॉजिस्टाचा वेळ वाचवणं, ही कामं ते चांगलं करेल. पण ते मदतनीस आहे, आणि मदतीला मुळात कुणीतरी काम करत असावं लागतं. एमआरआयही मेंदूच्या गाठी, मिरगी, पाठीचा मणका यांसाठी जिल्ह्याला कधीतरी लागेलच. प्रश्न क्रमाचा आहे. ज्या पट्ट्यात तारापूरचं अणुवीज केंद्र 1969 पासून वीज देतं आणि कारखाने तिन्ही पाळ्यांत चालतात, तिथे एक सीटी यंत्र तिन्ही पाळ्यांत चालवायला तंत्रज्ञ मिळत नाही, हे कारण कुणी देऊ नये.

मागणी करायचीच तर अशी करावी. पालघर आणि बोईसरला प्रत्येकी एक सीटी केंद्र, सरकारी असो वा करारावरचं खासगी, चोवीस तास आणि गरिबाला मोफत. तिथेच गुठळीचं औषध आणि ते देणारा प्रशिक्षित डॉक्टर. मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाशी लेखी करार, म्हणजे नळीने गुठळी काढायची असेल तर रुग्ण निघायच्या आधी तिथली टेबलं तयार असतील. 108च्या चालकाला आधीच ठरवून दिलेलं ठिकाण. आणि दर महिन्याला दोन आकडे जाहीर करणं: रुग्ण दारात आल्यापासून सीटी निघायला किती मिनिटं लागली, आणि सीटीपासून इंजेक्शन टोचायला किती. हे आकडे दर महिन्याला खाली येत असतील तर एआय जरूर आणा, एमआरआयही आणा, त्या समारंभाला आम्हीही येऊ. आकडेच नसतील, तर नव्या यंत्राने इतकंच होईल की मुंबईला पाठवायच्या रुग्णाच्या फायलीत आणखी एक चकचकीत फिल्म वाढेल.